भाच्याच्या मांडीतला सार्कोमा डोक्यात गेलाय : रेडिएशन कोणतं, कुठं, आणि पोराला सांगायचं किती?

कृष्णाकाठ
मंडळी, मी इथं एरवी द्राक्ष, पूर आणि क्रिकेट सोडून काही लिहीत नाही. आज वेगळं विचारायचंय. लांबेल, सांभाळून घ्या.

भाचा, वय २४. बहिणीची तासगावकडं पावणेदोन एकर बाग. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळं सहा महिने 'बॉल लागला असंल' यातच गेले. पहिल्या ठिकाणी रक्तवाहिन्यांची साधी गाठ म्हणाले. बायोप्सीत अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा निघाला, एएसपीएस म्हणतात तो, शरीराच्या मऊ भागात होणारा दुर्मिळ कॅन्सर. ऑपरेशन झालं, मांडीला रेडिएशन झालं. छातीत बारीक ठिपके होतेच, त्यावर नुसतं लक्ष ठेवा म्हणाले. पोरगं चालायला लागलं, बागेत जायला लागलं, आम्हीही विसरल्यासारखं केलं.

गेल्या मंगळवारी डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम, चालू होतं. डाव्या हातात औषधाचा मग होता. हात आपोआप उडायला लागला, मगातलं सगळं पाणी अंगावर, आणि हा आपल्याच हाताकडं बघत उभा. बायका आधी हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा करतोय. मग तोंड एका बाजूला गेलं आणि तो ओळीतच आडवा झाला. दोनेक मिनिटं.

एमआरआयमध्ये डोक्यात तीन जागा. उजवीकडं एक २.२ सेंटिमीटरची, भोवती सूज. बाकी दोन ५-६ मिलिमीटरच्या. इथले एक डॉक्टर म्हणतात पूर्ण डोक्याला दहा दिवस शेक द्या, सोमवारी सुरू करू. दुसरे म्हणतात थांबा, फक्त तीन जागांवर नेमकं रेडिएशन होतं, पुण्या-मुंबईला जा. घरात दोन तट पडलेत. आणि पोराला बहिणीनं 'डोक्यात रक्त साकळलंय' एवढंच सांगितलंय.

प्रश्न दोन. कुठलं रेडिएशन? आणि त्याला सांगायचं किती?

भडंगप्रेमी
वाचून सुन्न झालो. माहिती शून्य आहे, पण सांगलीत रक्त, गाडी, डबा काहीही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विश्रामबागेतच आहे.

सज्जनगड
एक शंका. सार्कोमा पसरला तर फुप्फुसात जातो, मेंदूत सहसा नाही, असं ऐकलं होतं. निदान नक्की बरोबर आहे ना?

रेडिओवाला
मी डॉक्टर नाही, रेडिएशनच्या विभागात फिजिसिस्ट आहे, सतरा वर्षं. निर्णय डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारायचं ते सांगू शकतो.

@सज्जनगड, ऐकलंत ते बरोबर. पण एएसपीएस हा त्यातला अपवाद. इतर सार्कोमांच्या मानानं हा मेंदूत जास्त जातो, आणि बहुतेक वेळा फुप्फुसात आधीच असतो. म्हणजे इथं जे घडलं ते या आजाराच्या स्वभावाला धरूनच आहे.

आता मूळ प्रश्न. पूर्ण मेंदूचा शेक म्हणजे साधारण दहा दिवसांत ३० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), सगळ्या मेंदूला सारखाच. सार्कोमाच्या पेशी अशा थोड्या थोड्या डोसला फारशा दाद देत नाहीत. एसआरएस म्हणजे स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. त्यात एकाच बैठकीत, कधी तीन ते पाच बैठकांत, खूप मोठा डोस फक्त गाठीवर उतरवतात आणि शेजारचा मेंदू वाचवतात. तीन जागा, सगळ्यांत मोठी ३ सेंटिमीटरच्या आत, वय २४, चालता-फिरता माणूस. अशा वेळी एसआरएस होईल का, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. मोजक्या गाठींवर एसआरएस करून वर पूर्ण डोक्याचा शेक दिला तर आयुष्य वाढत नाही आणि स्मरणशक्तीला मात्र फटका बसतो, हे चाचण्यांत दिसलंय. जागा पंधरा-वीस असत्या किंवा मेंदूच्या आवरणात पसरलं असतं तर मी हे लिहिलं नसतं, तिथं पूर्ण शेकाला जागा आहे.

नावांनी गोंधळू नका. गॅमा नाइफ, सायबरनाइफ आणि साध्या लिनॅकवरची (रेडिएशनच्या नेहमीच्या मशीनवरची) एसआरएस, तिन्ही एकाच कुटुंबातली. गॅमा नाइफ त्यातलं थोरलं: लार्स लेक्सेल यांनी स्टॉकहोममध्ये १९६८ मध्ये पहिलं चालवलं, कोबाल्टवर. नावात नाइफ असलं तरी सुरी कुठंही नसते. मशीनच्या नावापेक्षा त्या टीमनं मेंदूच्या किती एसआरएस केल्यात, हे विचारा.

आणि सोमवार. सूज औषधानं आटोक्यात असेल आणि शुद्ध, हालचाल ठीक असेल, तर दुसरं मत घ्यायला थोडे दिवस मिळतात का, हे आजच्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

आरोग्यमित्र
रेडिएशनने शरीर जळते. आमच्या गावात एकांनी लक्ष्मणफळाचा रस घेतला, साखर पूर्ण बंद केली, गाठ विरघळली. कॅन्सर साखर खाऊन जगतो. इच्छा असल्यास पत्ता देतो.

वाळवा_एक्स्प्रेस
गाठ कसली होती? बायोप्सी झाली होती का? का नुसतीच गाठ होती आणि नुसतीच विरघळली?

आरोग्यमित्र
रिपोर्टवर विश्वास असणाऱ्यांनी रिपोर्ट वाचत बसावे.

वाळवा_एक्स्प्रेस
बरं. तुम्ही रस वाचत बसा.

मिरजमावशी
दोघंही गप्प बसा पाहू. मी मिरजेत एकवीस वर्षं वॉर्डात काढलीत. कृष्णाकाठ, रस-काढा काही चालू करणार असाल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. फिटच्या आणि कॅन्सरच्या गोळ्यांमध्ये काय कालवलं जाईल सांगता येत नाही.

आता कामाचं. डेक्सा चालू असेल ना? डेक्सामेथासोन. त्यानं सूज उतरते आणि माणूस दोन दिवसांत टवटवीत दिसतो. लोकांना वाटतं बरा झाला. बरा नाही झाला, सूज उतरली. मनानं बंद करायचं नाही, ते पायरी-पायरीनं कमी करतात. शुगर तपासत राहा, आधी नसली तरी चढते. दुसरा डोस दुपारीच द्यायला चालेल का विचारा, संध्याकाळी घेतलं की रात्रभर टक्क जागं. आणि भूक! रात्री दोन वाजता डबे उघडल्याचा आवाज आला तर घाबरू नका.

फिटची गोळी कुठली? लेव्हेटिरासिटाम असेल तर काही पोरं विनाकारण चिडतात. घरच्यांना वाटतं आजारानं स्वभाव बदलला. डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. ट्रॅक्टर, मोटरसायकल, विहिरीचा काठ, शेततळं सगळं बंद. मांडवावर चढणं बंद.

कृष्णाकाठ
मावशी, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय काय? काल रात्री त्यानं अर्धा किलो भडंग संपवलं. आणि परवा पाणी गार का नाही म्हणून आईवर तांब्या आपटला. आयुष्यात आवाज न चढवणारं पोरगं. बहीण तासभर रडत होती. गोळी तीच आहे. उद्याच विचारतो.

भडंगप्रेमी
अर्धा किलोची जबाबदारी माझी. पुढची पिशवी पाठवतोय, कमी तिखटाची.

अजिंक्यतारा
नेहमी वाचनमात्र असते. आज लिहावंच लागतंय. माझ्या दिराला हाच आजार आहे. एएसपीएस हे नाव घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडून सोडून दुसऱ्या कुणाकडून पहिल्यांदा ऐकतेय.

२०१९ ला निदान, तेव्हा तो २८ चा. साताऱ्यात दुकान आहे. आमचीही सुरुवात 'रक्तवाहिन्यांची गाठ' अशीच. या गाठीत रक्त इतकं खेळतं की सोनोग्राफीत तसंच दिसतं म्हणे. त्याच्या डोक्यात एकच जागा होती, पण तिच्यात रक्तस्राव झाला होता, म्हणून आधी कवटी उघडून ती काढली आणि मग त्या मोकळ्या जागेवर एसआरएस. त्याला आता तीन वर्षं होतील. सव्वा वर्षानं दुसरी एक बारीक जागा निघाली, तिच्यावर पुन्हा एसआरएस. डोकं सध्या शांत आहे.

छातीचं तसं नाही. पाझोपॅनिब या कॅन्सरच्या गोळीवर वर्षभर ठिपके आहे तिथं राहिले, मग दोन वाढले. आता सुनिटिनिब ही दुसरी गोळी चालू आहे. तळहात-तळपाय सोलतात, बीपी वाढतो, थायरॉइडची गोळी मागे लागली. केस, मिशी, भुवया सगळं पांढरं. दुकानात नवीन गिऱ्हाईक त्याला 'आजोबा' म्हणालं, तर यानं उलट त्यालाच, 'तू ज्येष्ठ नागरिक म्हणून दहा रुपये सूट माग,' असं सुचवलं.

मुंबईला जाणार असाल तर: बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन जा, नुसता रिपोर्ट नाही. मेणाच्या चौकोनी वड्या असतात. टाटाला त्या पुन्हा तपासतात. आमच्या त्या लॅबमध्ये राहिल्या आणि एक माणूस फक्त त्यासाठी साताऱ्याला परत आला. एमआरआयची सीडी दोन प्रतींत. आधी ऑपरेशन झालं त्याचा कागद.

सांगलीकर_मूळचा
सीडीवरून आठवलं, आजकाल लॅपटॉपला सीडीच जात नाही. रेडिओवाला, तुमच्याकडं तरी उघडते का?

रेडिओवाला
आमच्याकडं सीडी ड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवलाय. पेनड्राइव्हवरही घ्या. मात्र मोबाइलनं फिल्मचा फोटो काढून पाठवू नका, त्यात तुमच्या खिडकीचा पडदा जास्त स्पष्ट दिसतो.

@अजिंक्यतारा, तुमच्या दिरांची गोष्ट महत्त्वाची आहे. डोक्याची आणि छातीची लढाई वेगवेगळी चालते. एकीकडं जमलं म्हणून दुसरीकडं जमेलच असं नाही, आणि उलटही.

प्रयोगशाळा
औषधांबद्दल थोडं. मी पुण्यात औषध संशोधनात आहे, रुग्ण बघत नाही.

या आजारात एक्स आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जातात आणि एएसपीएससीआर१-टीएफई३ असा जोडजीन तयार होतो. स्लाइडवर टीएफई३ तपासतात ते त्यासाठी. हा जोडजीन रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या यंत्रणेला चालना देतो, म्हणून गाठीत एवढं रक्त, आणि म्हणूनच पाझोपॅनिब, सुनिटिनिब यांसारख्या वाहिन्या रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो. सार्कोमाची नेहमीची केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन वगैरे, इथं जवळपास निकामी ठरते. कुणी 'आधी केमो करून बघू' म्हणालं तर एएसपीएसमध्ये ती का, हे विचाराच.

तिसरा रस्ता इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभं करायचा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) अटेझोलिझुमॅब हे औषध पसरलेल्या किंवा काढता न येणाऱ्या एएसपीएससाठी मंजूर केलं, दोन वर्षांच्या मुलांपासून पुढं सगळ्यांना. ज्या चाचणीवरून मंजुरी मिळाली तीत ४९ रुग्ण होते आणि २४ टक्क्यांमध्ये गाठी ठळकपणे लहान झाल्या. म्हणजे चौघांत एक. इतक्या दुर्मिळ आजाराला हे मोठं आहे, पण हे 'विरघळली' नव्हे, चौघांत एक. शिवाय मेंदूतल्या गाठींचा त्रास चालू असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणून आधी डोकं निस्तरून मग हे, असा क्रम असतो. डेक्साचा मोठा डोस चालू असताना इम्युनोथेरपीचा जोर कमी पडू शकतो, हेही एक कारण.

खर्च: गोळ्यांची जेनेरिक मिळतात. अटेझोलिझुमॅब दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून आणि महाग. बाग गहाण टाकण्याआधी, याच पेशंटला याचा उपयोग व्हायची शक्यता किती वाटते, ते ऑन्कॉलॉजिस्टकडून आकड्यात ऐका.

वाळवा_एक्स्प्रेस
'चौघांत एक' हे असं कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं वडिलांच्या वेळी. त्यांचा आजार वेगळा होता. पण 'नवीन औषध आलंय' एवढंच ऐकून आम्ही दोन एकर फुंकले. दोष औषधाचा नव्हता. आम्ही विचारलंच नाही.

सदाफुली_कुपवाड
दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळेना म्हणून लिहिते. सांगू नका हो पोराला. चोवीस वर्षांचं लेकरू. माझ्या आत्तेबहिणीला सांगितलं आणि तिनं त्या दिवसापासून अन्न सोडलं. जे व्हायचं ते होतंच, निदान हसतखेळत दिवस जाऊ देत.

सज्जनगड
सदाफुलीताई, भावना पोचली, पण असहमत. त्याच्या हातात मोबाइल आहे. 'एएसपीएस' टाकून बघायला त्याला किती वेळ लागेल? दोन वर्षांपूर्वीच बघितलं असेल.

मिरजमावशी
वॉर्डातलं सांगते. पेशंटला ठाऊक असतं. नातेवाईक बाहेर व्हरांड्यात रडतात, डोळे पुसून हसत आत येतात. पेशंट आत रडतो, पाऊल वाजलं की डोळे पुसून हसतो. दोन्हीकडचे रुमाल मी बघितलेत. सदाफुली म्हणते ते खोटं नाही, काही माणसं खचतात. पण ती कशानं खचतात? माझ्या बघण्यात, एकदम सगळं अंगावर ओतल्यानं. आधी त्यालाच विचारायचं, 'तुला काय वाटतंय, काय झालंय?' तो जेवढं विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर. त्याच्या पुढचं त्यानं विचारल्यावर.

सदाफुली_कुपवाड
मावशी, तुम्ही म्हणता तसं कुणी आमच्यात केलं नव्हतं. डॉक्टरनी दारात उभ्या उभ्या सांगितलं होतं.

अजिंक्यतारा
एक व्यवहाराची गोष्ट. एसआरएसच्या आधी संमतीपत्रावर सही पेशंटची लागते. 'रक्त साकळलंय' सांगून ती कशी घेणार? दिराच्या वेळी सासूबाईंनी हाच घोळ घातला होता. त्यानं फॉर्म वाचला आणि म्हणाला, "आई, यात मेटास्टॅसिस लिहिलंय, म्हणजे कॅन्सर पसरलाय, साकळलेलं रक्त नाही." मग दोघंही अर्धा तास काही बोलले नाहीत. त्यानंतर मात्र त्याचे निर्णय तोच घ्यायला लागला. गोळीचा डोस कमी करायचा का, तेसुद्धा.

सांगलीकर_मूळचा
मुंबईचं पक्कं झालं तर रात्रीची महालक्ष्मी बरी, सांगलीहून बसायचं, सकाळी दादर. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा. राहायला परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. दोन्हीकडं गर्दी असते, आधी चौकशी करा.

कंदी_पेढा
महालक्ष्मी साताऱ्यालाही थांबते हे सांगलीकर मुद्दाम विसरले याची नोंद घ्यावी.

सांगलीकर_मूळचा
थांबते, पण तुमचं स्टेशन माहुलीला. गावापासून तिथं पोचेपर्यंत आमची गाडी कराड सोडते.

मिरजमावशी
आणि जंक्शन कुणाचं? मिरजेचं. विषय संपला.

कृष्णाकाठ
आज चार दिवसांनी पहिल्यांदा हसलो. दाखल्याचा फोटो कुणाकडं असेल तर टाका.

सोमवारचा शेक थांबवला. इथल्या डॉक्टरांना रेडिओवाल्यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, आमच्याकडं ती सोय नाही म्हणून मी आहे ते सुचवलं, तुम्ही आठवड्यात जाऊन येत असाल तर जाच. चिठ्ठीही दिली. फिटची गोळी बदलली.

कृष्णाकाठ (पाच आठवड्यांनंतर)
धागा वर काढतोय. व्यनि बरेच आले, सगळ्यांना एकदम सांगतो.

टाटाला दाखवलं. ब्लॉक घेऊन गेलो होतो (अजिंक्यतारा, साष्टांग). निदान तेच आलं. तिन्ही जागांना एसआरएस ठरली. मोठीला तीन बैठका, बारक्या दोघींना एकेक. कवटी उघडायची गरज नाही म्हणाले.

ओपीडीत नंबर आला तेव्हा बहीण डॉक्टरांना डोळ्यानं खुणावत होती. पोरगं म्हणालं, "आई, तू बाहेर चहा घेऊन ये." ती उठली नाही, पण खुणावणं थांबलं. मग यानं खिशातून कागद काढला. द्राक्षाच्या औषधाच्या पावतीच्या मागच्या बाजूला लिहून आणलं होतं. पाच प्रश्न. पहिलाच 'हे मांडीतलंच आहे ना'. दुसरा 'डावा हात नीट होईल का, छाटणी करायची असते'. शेवटचा वाचायचा राहिला, त्यानं कागद घडी केला. मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, मला मंगळवारीच कळलं होतं. तुम्ही सगळे इतकं गोड बोलायला लागला की."

मास्कबद्दल: पांढरी प्लास्टिकची जाळी असते. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, ती गार होताना कवळत जाते. तो म्हणाला पहिली पाच मिनिटं जीव घाबरा होतो, मग डिपिंगच्या ओळी मोजत पडलो. संपल्यावर मास्क मागून घेतला आणि बागेत बुजगावण्याला बसवला. दोन दिवस पाखरू फिरकलं नाही. बहिणीनं आरडाओरडा करून काढायला लावला, आता बेदाण्याच्या शेडमध्ये खिळ्याला आहे.

फिट पुन्हा आलेली नाही. डेक्सा उतरवत आणलंय. हाताची बोटं अजून थोडी जड आहेत, बटण लावायला वेळ लागतो. छातीतले ठिपके मागच्या वेळेपेक्षा वाढलेत, म्हणून गोळ्या सुरू करायचं ठरलंय. पुढचा एमआरआय दोन महिन्यांनी.

रेडिओवाला
बरं वाटलं. एकच आधी सांगून ठेवतो. एसआरएसनंतर एमआरआयवर गाठ कधीकधी मोठी दिसते. ती वाढ असू शकते किंवा रेडिएशननं मेलेल्या भागाची सूज असू शकते, आणि एका फिल्मवरून दोन्ही सारखीच दिसतात. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या घरात रडारड करू नका. एसआरएस केलेल्या टीमलाच ती फिल्म दाखवा.

अजिंक्यतारा
गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या दिवसापासून तळपायाला युरियाचं मलम. सोलायला लागल्यावर नव्हे, आधीच. आणि बागेत अनवाणी नाही. पाझोपॅनिब असेल तर रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवल्यावर दोन तासांनी. तुमच्या भाच्याला हवं असेल तर दीर बोलायला तयार आहे. म्हणतो, 'पांढऱ्या मिशीवाल्यांचा क्लब काढू.'

कृष्णाकाठ
त्याला आत्ताच वाचून दाखवलं. नंबर व्यनि करा, तो स्वतः फोन करेल म्हणतोय. मिशीचं ऐकून जरा गंभीर झालाय, एवढ्यातच कुठं फुटली होती.

सांगलीकर_मूळचा
रेल्वेच्या दाखल्याचं काम झालं का?

कृष्णाकाठ
झालं. हॉस्पिटलचा शिक्का नीट उमटलाय का तेवढं निघण्याआधी बघा. आमचा अर्धाच उमटला होता, खिडकीवरून परत पाठवलं.